आमच्या वॉर्डात जपान

आमच्या आरोग्य विभागात कचऱ्यापेक्षा किस्से जास्त साचतात. कचऱ्याला निदान रोज सकाळी गाडी येते, किश्शांना कोण उचलणार? म्हणून म्हटलं, आपणच ढीग थोडा उपसावा.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत कंत्राटी समन्वयक आहे. गावाचं नाव सांगत नाही, अजून नोकरी करायची आहे! काम काय, तर लोकांना ओला आणि सुका कचरा वेगळा करायला शिकवणं. शिक्षण एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र, डिस्टिंक्शन. आणि घरी दोन वर्षांची इरा, जी तोंडातून एक शब्द काढत नव्हती. ना आई, ना बाबा. बोट दाखवायची, हसायची, मान हलवायची, बस्स. सगळ्या गावाला शिकवायला निघालेली मी, स्वतःच्या लेकीला 'आई' एवढं शिकवू शकत नव्हते.

डॉक्टर म्हणाले, "कान उत्तम आहेत. समजतं तिला सगळं. तिच्याशी भरपूर बोला. दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर अकोल्याला दाखवू." तेव्हापासून 'अकोला' म्हटलं की मी विषय बदलायचे. अमडापूरहून सासूबाई फोनवर धीर द्यायच्या, "काऊन घाबरून राह्यली वं? आपला पंकजही तीन वर्षांचा होईलोक बोलत नव्हता." आणि फोन ठेवता ठेवता, "आता तरी कुठं बोलते म्हना!"

पंकज म्हणजे माझा नवरा. तो रोज मलकापूरला कापसाच्या जिनिंगवर जातो. त्यामुळे इरा माझ्यासोबत ऑफिसात. पुढचं सगळं तिच्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

*

आमच्या मुख्याधिकारी मॅडम कसलंसं प्रशिक्षण करून आल्या आणि दर सोमवारच्या मिटिंगमध्ये एकेक देश काढायला लागल्या. पहिला निघाला तैवान. तिथे म्हणे कचरागाडी मंजुळ ट्यून वाजवत येते आणि लोक आपणहून कचरा घेऊन रस्त्यावर येतात! "आपली गाडी नुसती कोकलते," मॅडम म्हणाल्या. "आधी सूर बदला."

गजूभाऊ आमचे घंटागाडीचे ड्रायव्हर. त्यांनी पेनड्राइव्हमध्ये एक गोड ट्यून भरून आणली. दुसऱ्या दिवशी प्रयोगासाठी निवडलेल्या आमच्याच वॉर्डात गाडी शिरली आणि खरंच, सगळी गल्ली बाहेर! मी तर फोटो काढायला मोबाइल वर केला. मग दिसलं, की कोणाच्याच हातात कचरा नाही. सगळ्यांच्या हातात वाट्या! लोकांना वाटलं, कुल्फीवाला आला. एक आजी तर स्टीलचा डबा घेऊन सगळ्यांच्या पुढे.

"मलईची हाय काय रे बाबू?"

गजूभाऊंनी मागे वळून गाडीत एक नजर टाकली. "हाय ना आजी. पन कालची हाय!"

*

'इराशी भरपूर बोला' हा सल्ला माझ्याकडून ऑफिसात फुटला आणि सगळा विभाग कामाला लागला. आमच्या मुकादम शोभाताई तिला मांडीवर घेऊन सगळ्या गावाची भांडणं सांगायच्या, तीही दोन्ही बाजूंनी. गजूभाऊ गाडी मागे घेतानाचा आवाज काढून दाखवायचे. स्वच्छता निरीक्षक इंगळे साहेबांना मात्र लहान मुलांशी काय बोलावं तेच सुचेना. शेवटी त्यांनी टेबलावरचं परिपत्रक उचललं.

"बाळ, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की..."

दुसऱ्या परिच्छेदाला इरा गाढ झोपली. मी ओशाळले. म्हटलं, पोरीला कशातच रस नाही की काय! मोबाइलवर 'मूल प्रतिसाद देत नाही' असं शोधायलाही घेतलं.

साहेबांनी कागद शांतपणे घडी करून ठेवला. "टेन्शन नका घेऊ मॅडम. मिटिंगमध्ये आमचे मेंबरही याच परिच्छेदाला झोपतात."

*

मग जपान. पारदर्शक पिशवी, त्यावर नगरपरिषदेचा शिक्का, नाव आणि घर नंबर. आपला कचरा सगळ्यांना दिसतो म्हटलं की माणूस नीट वेगळा करतो, अशी मॅडमची थिअरी. माझीही होती, खोटं कशाला बोलू!

पहिल्याच घरी घोडं अडलं. पिशवीवर नाव कोणाचं टाकायचं? इंगळे साहेब मार्कर उघडून उभे. घरमालक वानखडे भाऊ मोठ्या मनानं म्हणाले, "लिहा ना आमच्या मंडळीचं."

वानखडे वहिनी पिठाच्या हातानं बाहेर आल्या. "हाव ना! प्लॉट तुमच्या नावावर, ट्रॅक्टर तुमच्या नावावर, अन् कचरा तेवढा माह्या नावावर काऊन?"

साहेबांनी मार्करला टोपण लावलं. बरीच बोलणी होऊन शेवटी पिशवीवर दोघांची नावं लागली. सातबाऱ्यावर जे जमलं नव्हतं ते कचऱ्यावर जमलं!

*

पारदर्शक पिशवीनं आमच्या गल्लीचं काय केलं ते जपानी माणसाला सांगून पटणार नाही. बायका केळीची सालं धुऊन टाकायला लागल्या. शुगर असलेल्या देशमुख काकांच्या पिशवीत कचोरीचे तेलकट कागद दिसले आणि त्या घरात संध्याकाळी जे झालं ते चौकापर्यंत ऐकू आलं. दुसऱ्या दिवसापासून काकांचे कागद शेजारच्या पिशवीत. शेजारचे बिचारे गुरुवारचा उपास करणारे!

पण खरी मजा जयश्री वहिनींची. त्यांच्या पिशवीत दर खेपेला पिझ्झ्याचं खोकं, तेही नावाच्या बाजूनं, सगळ्यांना दिसेल असं. गल्ली जळून खाक. वहिनी हात झटकून म्हणायच्या, "पोरं ऐकतच नाहीत बाई!"

शोभाताई रोज पिशव्या उचलून पुढच्या दाराला जायच्या. एके दिवशी मात्र त्यांनी खोकं हळूच बाहेर काढलं, त्याचा तोच रोजचा दुमडलेला कोपरा नीट केला आणि अगदी आदबीनं विचारलं, "वहिनी, हे आज खरंच टाकायचं हाय, का नेहमीसारखं वापस देऊ?"

*

त्यानंतर कोरिया! तिथे म्हणे घरोघरचा खरकटा कचरा वजन करून घेतात. आपणही तोलू, आणि ज्याचा कचरा सगळ्यांत कमी त्याला प्रेशर कुकर, असं ठरलं. कल्पना माझी. मला वाटलं, लोक अन्न वाया घालवणं कमी करतील. काय भोळी आहे मी!

वानखडे वहिनींचा भाऊ वरवट बकालहून भेटायला आला होता. परत निघताना वहिनींनी त्याच्या हातात डब्यासोबत एक गच्च बांधलेली पिशवी दिली. "वावरात टाकजो. मस्त खत होते." भाऊ बहिणीच्या मायेनं गहिवरला, एसटीत बसला, डबा घेऊन उतरला आणि पिशवी सीटखाली विसरला.

आता कंडक्टर पडला इमानदार. पिशवीवर चक्क नाव, घर नंबर, गाव! परतीच्या फेरीला त्यानं ती आमच्या स्टँडवर आणून कंट्रोल रूममध्ये जमा केली. भोंग्यावरून घोषणा झाली, "श्री व सौ वानखडे, आपलं सामान इथं सुरक्षित आहे. ओळख पटवून घेऊन जावे!"

भर बाजाराच्या दिवशी, सगळ्या गावानं ऐकलं. वहिनी पदर डोक्यावर ओढून गेल्या. इराला घेऊन मी तिथेच बसची वाट बघत उभी होते. इतकं हसले, की डोळ्यांत पाणी आलं. इराही खिदळली, टाळ्या पिटल्या. बोलली मात्र नाही.

कंडक्टरनं पिशवी दोन्ही हातांनी वहिनींच्या पुढे धरली. "पाहून घ्या ताई. सगळं हाय ना अंदर?"

*

दिवाळी तोंडावर आली आणि विभागीय पथक पाहणीला येणार असा निरोप आला. अकोल्याच्या डॉक्टरांची वेळही मी घेऊन टाकली होती. पाहणीच्या सकाळी खरं सांगते, माझं लक्ष कचऱ्यात नव्हतं. इराला कडेवर घेऊन मी तिच्या कानात आपली पुटपुटत होते, "आई म्हण. नाहीतर बाबा म्हण. बाबा तर सोपं आहे ना गं!"

चौकात हिरवी आणि निळी बादली मांडलेली. गजूभाऊंनी गाडीला झेंडूचा हार घातला होता. शोभाताई नव्या साडीत. पथकाचे मोठे साहेब उतरले, चहा-बिस्किटं झाली आणि हातातला पुडा संपवत साहेबांनी उभ्यानंच भाषण सुरू केलं.

"मी सिंगापूर पाहिलंय. तिथे माणूस कागद खिशात ठेवेल, पण चुकीच्या डब्यात टाकणार नाही. ही शिस्त रक्तात पाहिजे, रक्तात!"

आणि असं म्हणता म्हणता साहेबांनी बिस्किटाच्या पुड्याचा कागद चुरगाळला आणि हिरव्या बादलीत टाकला. ओल्या कचऱ्यात!

मॅडम चष्मा पुसायला लागल्या. इंगळे साहेब विजेच्या तारा बघायला लागले. आणि मी, एम.एस्सी., डिस्टिंक्शन, नेमकं हेच सांगायचा पगार घेणारी मी, चपलेचा अंगठा निरखत होते.

"ओ! सुक्यात टाक बे!"

आवाज एवढा खणखणीत, की साहेब दचकले. "कोण बोललं?"

सगळ्यांनी गजूभाऊंकडे पाहिलं; गाडीवरून रोज हीच आरोळी त्यांची. गजूभाऊंनी दोन्ही हात वर केले. "आईशप्पथ साहेब, मी नाही!"

माझ्या कडेवरून एक चिमुकलं बोट निळ्या बादलीकडे रोखलेलं होतं.

साहेबांनी बोटाकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं. मग वाकले, हिरव्या बादलीतून कागद काढला, निळ्या बादलीत टाकला आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. मॅडम मागून खुणावत होत्या, माफी माग, माफी माग! मी तोंड उघडलं. इराचं बोट अजून निळ्या बादलीकडेच होतं.

"साहेब," मी म्हणाले, "पाया पडते तुमच्या... तो कागद अजून एकदा ओल्यात टाका ना!"