माझी गोष्ट ओट्यावर चढली

वकिलीणबाईंच्या सासूनं चुलीजवळचा चिमटा आणला. मी वाचून पायरीवर ठेवलेलं पुस्तक तिनं चिमट्यात धरलं आणि अंगणात उन्हात टाकलं. वर पाणी शिंपडलं. पानं फुगली. ओट्यावरची पोरं खिदळली.

"मनावर घेऊ नकोस गं," वकिलीणबाई म्हणाल्या. "सासूबाई जुन्या वळणाच्या आहेत."

बाई नव्या वळणाच्या. चिमटा त्यांनी हातात धरला नाही. अडवलाही नाही.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बाईंनी सोलापुरातल्या आपल्या बंगल्यात मुलांसाठी वाचनाचा आणि गोष्टींचा वर्ग काढला होता. सगळ्या मुलांसाठी, असं आमच्या शाळेत येऊन सांगितलं. महारवाड्यात चौथी पास झालेली पोरगी मी एकटी. मला मुद्दाम बोलावलं. पुढं इंग्रजी शाळेत जायचं तर मी शिफारस करीन, म्हणाल्या. माझी आय गिरणीत झाडायला जायची. तिनं ते ऐकलं आणि माझा परकर दगडावर घासून घासून धुतला.

पोरं ओट्यावर, सतरंजीवर. मी ओट्याखाली, मातीत. सावली सरकली की मीही सरकायची. तहान लागली तर मोलकरणीला सवड होईपर्यंत थांबायचं. ती वरून ओंजळीत पाणी ओतायची. तरी मी जायची. पुस्तकांची भूकच तशी होती.

एक दिवस बाई म्हणाल्या, "आज वाचायचं नाही. आपापल्या मनानं गोष्ट रचा."

सगळ्यांच्या गोष्टीत राजा. मग राणी. मग परी. शेवटी मला विचारलं.

मी सांगितलं, गिरणीच्या भोंग्याचा घसा बसतो. पहाटे तो वाजतच नाही. वस्तीतल्या साऱ्या आया झोपून राहतात. एक पोरगी आधी जागी होते आणि उजेडात झोपलेली आय पहिल्यांदाच बघते. बघतच बसते. मालक येतो, भोंग्याला काढा पाजतो, मध चाटवतो. घसा बरा होतो. पण भोंगा वाजत नाही. त्यानंही त्या झोपलेल्या आया बघितलेल्या असतात.

बाईंनी पदरानं डोळे टिपले. मी त्या दिवशी घरी चालत नाही, उडत गेले.

वर्ग संपला त्या दिवशी समारंभ होता. मोठे पाहुणे आले. गिरणीचे मॅनेजरसाहेबही. आयनं कामावर खाडा केला. मी गोष्ट सांगणार म्हणून आली. आम्ही दोघी फाटकाजवळ बसलो. मोलकरणीनं वरून पदरात लाडू टाकले.

बाईंची मुलगी कुमुद पुढं आली. माझी गोष्ट सांगू लागली. शब्द न् शब्द माझा. फक्त आयची आई झाली. आणि शेवटी भोंगा मालकाची माफी मागतो, जोरात वाजतो, साऱ्या आया हसत हसत कामाला जातात.

टाळ्या.

"सुंदर! कुणाची कल्पना?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

"आमच्या कुमुदचीच," बाई म्हणाल्या.

कुमुदनं मान खाली घातली. तोंडातला लाडू मी थुंकला आणि उभी राहिले.

"गोष्ट माझी हाय."

बाई लगबगीनं खाली आल्या. हातभर लांब थांबल्या. आवाज मऊ. "अगं, मला माहीत आहे. पण तुला ओट्यावर कशी चढवू? एवढे पाहुणे. तुझ्या शाळेचं मॅनेजरसाहेबांशीच बोलायचंय ना मला?"

"माझी गोष्ट चढली की वर. तिचा न्हाय झाला विटाळ?"

"जीभ बघा पोरीची!" सासू ओरडली.

आय उठली. मला वाटलं, आता मारणार. तिनं पदरातले लाडू मातीत झटकले.

"चल. हितं बसायचं न्हाय."

शिफारस गेली. शाळा गेली. आयला गिरणीतून काढलं. आम्ही दोघी रस्त्यावर खडी फोडू लागलो.

पुढच्या उन्हाळ्यात मोलकरीण निरोप घेऊन आली. "बाईंनी बोलावलंय. नवी गोष्ट सांग म्हणतात. यंदा सावलीत बसवतील. तुज्या आयला परत कामावर घ्यायला सांगतील."

मी आयकडं बघितलं. ती खडी फोडत राहिली. तिचे हात सोलून निघाले होते.

त्या चिमट्यापेक्षा मला बाईंच्या त्या टिपलेल्या डोळ्यांची जास्त किळस येते. माझ्या गोष्टीनं रडल्या आणि मला मातीत ठेवलं. त्यांना मी नको होते. माझ्या आतलं काढून हवं होतं, वर धुऊन, पुसून, शेवट बदलून.

"न्हाय येनार म्हणून सांग," मी म्हणाले. हातोडा उचलला.

त्याच उन्हाळ्यात मी महारवाड्यातली पोरं गोळा केली. संध्याकाळी काम सुटलं की गोष्टी. पहिल्याच दिवशी त्यांना बजावलं. आपली गोष्ट आपण सांगायची. कुणी उसनी मागायला आलं तर त्याच्या तोंडावर म्हणायचं, सांगणाऱ्याला आधी वर बसवा, मग ऐका. न्हायतर चालते व्हा.