सुजाता इथं राहते का?

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. एकाच बाईला ते माहीत होतं, आणि तिला ते मला सांगावं लागलं नव्हतं. ती आता नाही. म्हणून तुम्हाला सांगते आहे. तुम्ही कोण, हे मला ठाऊक नाही — आणि तेच बरं. समोर माणूस बसलेलं असलं की मला बोलता येत नाही.

हे लहानपणापासूनचं आहे. निमोण्याच्या शाळेत चौथीपर्यंत गेले. गुरुजींनी नाव घेतलं की उत्तर येत असूनही मी पाटीमागं तोंड लपवायची. लग्न होऊन कुरकुंभला आले. सुजाताचे वडील केमिकल कंपनीत पाळीवर जायचे. चाळीतल्या बायका नळावर हसत-खिदळत उभ्या असायच्या आणि मी हंडा भरून खाली बघत घरी यायची. दुकानातून साखर आणायची तरी वाटेत ते वाक्य मनात म्हणत जायची.

मग सुजाता मोठी झाली आणि माझं तोंड झाली. रेशनच्या दुकानात ती बोलायची, बँकेत ती बोलायची. दौंडच्या डॉक्टरीणबाईंना माझं कुठं दुखतं आणि कधीपासून दुखतं, हेही तीच सांगायची. मी शेजारी बसून मान हलवायची. एवढ्याशा पोरीनं आईच्या पाळीच्या तक्रारी परक्या बाईला सांगाव्यात — तिला लाज वाटली नसेल का? पण तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. मला पुन्हा वाचायला लावलं तेही तिनंच. शाळेच्या वाचनालयातली पुस्तकं आणून द्यायची आणि विचारायची, "आई, पुढं काय झालं सांग." आज हे लिहिते आहे ते त्या पोरीच्या जिवावर.

आणि हौसाबाईंच्या.

हौसाबाईंचं घर आमच्या घराला लागून, मधे एकच भिंत. वयानं माझ्याहून मोठ्या. अख्ख्या चाळीत त्यांच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. कुणाची सून रुसली, कुणाचा पोरगा नापास झाला, सगळं सकाळी नळावर जाहीर. स्वतःच म्हणायच्या, "माझ्या पोटात कायबी टिकत न्हाई बाई. चहा पिला तरी बोलण्यातनं भाईर येतो." आणि आमच्या दाराकडं बघून ओरडायच्या, "कमल, तुझ्या वाटणीचंबी मलाच बोलावं लागतं गं! घसा बसला माझा."

सुजातानं दौंडच्या कॉलेजला एस.टी.नं ये-जा करून बी.एस्सी. केलं. पुढं एम.एस्सी.ला पुण्यात हॉस्टेलवर राहिली. शनिवारी घरी यायची, माझं आठवड्याचं साचलेलं बोलणं बोलून टाकायची — दुकान, बँक, दवाखाना — आणि सोमवारी पहाटे जायची. अशाच एका शनिवारी ती आली ती धावतच. तिच्या विभागातून सहा महिन्यांसाठी एका मुलीला जर्मनीत शिकायला पाठवणार होते. तिथल्या प्रयोगशाळेत काम, राहायची सोय, सगळं तिकडचेच बघणार. तिनं अर्ज केला होता, मुलाखत झाली होती, आणि तिचं नाव आलं होतं.

आमच्या लोकांच्या प्रत्येक घरात असते तशी आमच्याही भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर आहे. ते समुद्रापलीकडं जाऊन शिकून आले म्हणून आम्ही आज माणसांत आहोत. सुजाताच्या वडलांनी पेढा आधी तसबिरीपुढं ठेवला. मग तोच सुजाताला भरवला.

तयारी सुरू झाली. पासपोर्टसाठी फोटो काढायचा होता. सुजाता केस मागं बांधून म्हणाली, "दोन्ही कान दिसले पाहिजेत, तसा नियम आहे."

हौसाबाई दारातूनच म्हणाल्या, "कान कशाला गं? जर्मनीचं मास्तर काय कान धरून शिकिवत्यात का?"

आम्ही किती हसलो होतो तेव्हा.

पासपोर्टच्या आधी पोलीस घरी येऊन चौकशी करणार होते. मुलगी त्या पत्त्यावर खरंच राहते का, एवढंच. सुजाताला माझी भीती होती. तिनं वडलांची टोपी घातली, पट्टा बांधला, हातात लाटणं घेतलं आणि जाड आवाजात विचारलं, "काय हो बाई, सुजाता इथं राहते का?"

मला म्हणायचं होतं, "व्हय सायेब, हितंच ऱ्हाती. माझी मुलगी हाय. पुण्याला शिकती, सुट्टीला घरी येती." मी अडखळायची, हसायची, पदर तोंडात घालायची. ती पुन्हा टोपी सरळ करायची, पुन्हा विचारायची. न अडखळता म्हणेपर्यंत तिनं मला सोडलं नाही.

हौसाबाई हसून हसून उंबऱ्यावर बसल्या. "सुजे, तुझी आय पोलीस दिसला की पिंपामागं दडून बसंल! मला सांग, मी सांगते त्याला. तुझ्या बारशापासनं सांगते. पोलीस पळून जाईल, पर सही करून जाईल."

म्हणजे बघा, मला काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं असं नाही. मला ते पाठ होतं.

पोलीस आला तेव्हा सुजाता पुण्यात होती, तिचे वडील पहिल्या पाळीला गेले होते. मी दारात उभी होते. हौसाबाई त्यांच्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. त्यानं मोटारसायकल लावली, हातातले कागद बघितले आणि सुजातानं म्हटलं होतं तेच, शब्दाला शब्द तसंच विचारलं.

"सुजाता इथं राहते का?"

मी म्हणाले, "न्हाई."

"पत्ता तर हाच हाय की."

"हितं ऱ्हात न्हाई."

आता तुम्ही म्हणाल, ती हॉस्टेलवर राहत होती, मग यात खोटं काय? बाई घाबरली, गोंधळली, जे होतं ते बोलून गेली. मीही स्वतःला हेच सांगत आले — भांडी घासताना, भाकरी थापताना, कितीतरी वर्षं. पण मी तुम्हाला अर्धंच सांगितलं आहे.

तो पोलीस चांगला माणूस होता. त्यानं लिहिता लिहिता हात थांबवला. म्हणाला, "मावशी, घाबरू नका, नीट सांगा. शिकायला बाहेर असंल तर तसं लिवतो. सुट्टीला तरी घरी येती ना?"

त्यानं माझ्यापुढं वाट करून दिली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. आणि मान हलवण्यात तर माझा जन्म गेला होता!

मी म्हणाले, "न्हाई येत. कुठं असती ते आमाला म्हाईत न्हाई."

जीभ अडखळली नाही. आवाज कापला नाही. परक्या माणसाच्या डोळ्यांत बघून आयुष्यात मी धड बोलले ते हे एवढंच वाक्य. पाठीमागं भिंतीवर ती तसबीर होती.

का बोलले? पोरगी परत येणार नाही असं वाटलं का? नाही. सहा महिन्यांनी ती येणारच होती. तिच्या लग्नाची काळजी होती का? नाही. लोक काय म्हणतील? लोक तर पेढे खाऊन गेले होते. मला सहा महिने माझ्या तोंडाशिवाय काढायचे नव्हते. दुकानात, दवाखान्यात मला एकटीनं उभं राहायचं नव्हतं. यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.

हौसाबाई मेथी टाकून उठल्या. "ओ सायेब! ओ!" म्हणून ओरडल्या, पण मोटारसायकल चालू झाली होती. तो गेला. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आत गेले आणि दार लोटून घेतलं.

संध्याकाळी हंडा घेऊन नळावर गेले. आता चाळभर झालं असणार, असं वाटत होतं. पण हौसाबाई कुणाच्या तरी शेळीबद्दल बोलत होत्या. दुसऱ्या दिवशीही शेळीच.

पासपोर्ट आला नाही. सुजाता पुण्यातल्या कचेरीत खेटे घालत राहिली. शेवटी तिला सांगितलं गेलं, पोलिसांचा रिपोर्ट उलटा आला आहे, तुम्ही त्या पत्त्यावर राहत नाही. ती मधल्याच वारी घरी आली. चप्पल काढायच्या आधी तिनं विचारलं, "आई, पोलीस आलेला तुला कळलंच नाही ना?"

मी मान हलवली.

माझं नाव तिच्या मनातसुद्धा आलं नाही. तिला वाटलं, आई घाबरून आतच बसली असणार आणि पोलिसानं शेजारी विचारलं असणार. शेजारी म्हणजे हौसाबाई. नळाच्या पाळीवरून त्यांचं नि सुजाताचं मागच्याच शनिवारी वाजलं होतं. ती तशीच बाहेर गेली. हौसाबाई बादली घेऊन येत होत्या.

"मावशी, पोलिसाला काय सांगितलंत? माझं वाटोळं करून काय मिळालं तुम्हाला?"

बायका गोळा झाल्या. हौसाबाईंनी बादली खाली ठेवली. सुजाताच्या खांद्यावरून त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी दाराची चौकट धरून उभी होते. त्या माझी वाट बघत होत्या — हे मला तेव्हाही कळत होतं. मी बोलले नाही.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं. माझ्या तोंडाला कुठं दार हाय? त्यानं इचारलं, मी बोलून गेले."

"पुन्हा तुमच्या दारात पाय ठेवणार नाही मी."

"नगं ठिवूस."

त्यांनी बादली उचलली. निम्मं पाणी त्यांच्या लुगड्यावर सांडलं होतं.

सुजाताच्या वडलांनी रजा काढून दौंडला खेपा घातल्या. पुन्हा चौकशी झाली, पासपोर्टही आला. पण तोवर जागा दुसऱ्या मुलीला दिली गेली होती. सुजाता रडली नाही. जेवताना मला म्हणाली, "आई, तू जेव की. तुझा काय दोष?"

दुसऱ्या दिवशी धुण्याच्या दगडापाशी हौसाबाई एकट्या होत्या. मी जवळ गेले. "हौसाबाई, तुमी—" एवढंच निघालं.

"गप," त्या म्हणाल्या. "बोलायचं न्हवतं तवा बोललीस. आता गपच ऱ्हा." त्यांनी लुगडं पिळलं, झटकलं. मग हळू आवाजात म्हणाल्या — त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं — "शेजारीन काय, घर बदललं की दुसरी मिळती. तिनं आय कुठनं बदलून आणायची?"

त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही. ज्यांच्या पोटात चहासुद्धा टिकत नव्हता, त्यांनी माझं हे पोटात ठेवलं. मी मात्र त्यांचं दार टाळून दुसऱ्या चाळीवरून जायला-यायला लागले. त्यांना ते दिसत होतं. तरी सणाला वाटी यायचीच.

सुजाता आता शिरूरला कॉलेजात शिकवते. जावई गुणी आहेत. तिचा तो पासपोर्ट कोराच राहिला आणि मुदत संपली. पण दरवर्षी एखाद्या मुलीला बाहेर शिकायला पाठवायचं तिचं वेड आहे. अर्ज भरून घेते, मुलाखतीची तयारी करून घेते. कवठे येमाईची एक पोरगी तर परदेशात दोन वर्षं काढून आली. सुजाता त्या मुलींच्या घरी जाते, आयांना समोर बसवते आणि पोलीस बनून विचारते, "इथं राहते का?" मग हसत सांगते, "आणि एक करा, शेजारणीशी भांडू नका. माझी जर्मनी एका शेजारणीनं घालवली." सगळ्या हसतात. एकदा मीही तिथं बसले होते.

तिला मुलगी झाली तेव्हा हौसाबाईंनी दुपटं शिवलं. जुन्या मऊ लुगड्याचं, बारीक टाक्यांचं. माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "मी शिवलं म्हणू नगंस. वापरायची न्हाई ती." सुजातानं दुपटं गालाला लावलं. "आई, किती सुंदर टाका आहे गं तुझा!"

मी मान हलवली.

हौसाबाई गेल्या त्याला फार दिवस झाले नाहीत. सुजाताला कळवलं, तर म्हणाली, "आई, तू जा. मला नाही जमणार." विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. एकेक जण उठून दोन शब्द बोलत होता. कुणी त्यांच्या तोंडाळपणाचे किस्से सांगितले, लोक रडता रडता हसले. मग कुणीतरी म्हणालं, "कमलताई, तुम्ही तर भिंतीला भिंत लावून राहिलात. बोला दोन शब्द."

मी उठले, हात जोडले आणि खाली बसले. "लाजतात त्या," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी मला सोडून दिलं. जन्मभर मला असंच सोडून दिलं लोकांनी. पण मला ठाऊक आहे, बोलायचं ठरवलं तर मला बोलता येतं. एकदा मी बोलले आहे.

रविवारी सुजाता नातीला घेऊन येणार आहे. घरात कुणी नसलं की मी सराव करते, तिनं करून घेतला होता तसा, मोठ्यानं, दाराकडं तोंड करून. अजून अडखळते. वाक्यं लहानच आहेत. पोलिसाला हौसाबाईंनी काही सांगितलं नव्हतं, मी सांगितलं होतं. आणि बाळाचं दुपटं मी नाही, त्यांनी शिवलं होतं.