मानेवरचा तीळ

आदाउतो न्हावी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पाराईबा प्रांतातल्या त्या रखरखीत गावात लोकांच्या हजामती करण्यात त्याचं आयुष्य गेलं. बायको मात्र नामी मिळाली होती. झुलैदे फोरो-नाचाची गाणी रचायची, आणि गाणी तरी कसली? सगळी चोरट्या प्रेमाची! मागच्या दाराने येणारा परका पुरुष आणि दिवा मालवणारी बाई. जूनच्या जत्रेत अख्खं गाव त्यांवर अंगाला अंग लावून नाचे, आणि आदाउतोची छाती फुगे.

यंदाच्या गाण्याने मात्र घात केला. त्यातली बाई यार गेल्यावर म्हणते, ‘तुझ्या मानेचा वास घेतला, केसांखालच्या तिळाला ठाऊक सारं.’ मानेचा वास घेणं तिकडे रोजचंच. मायेच्या माणसाला निरोप देतात तोही तसाच. पण केसांखालचा तीळ? झुलैदेचं नाक इतकं आत गेलं ते कुणाच्या मानेत? हा तीळ मनातला नाही, कुणाच्या तरी मानेवरचा आहे, असं गावाने ठरवून टाकलं. आदाउतो दिसला की पोरंसोरं डोक्यावर दोन बोटं धरून शिंगं दाखवू लागली. बायको दुसऱ्याकडे जाते त्या नवऱ्याला शिंगं फुटतात म्हणे.

बिचारा आतून पार खचला. पण गावातली एकूण एक मान त्याच्याच हातात येत होती. गिऱ्हाईक बसलं की हा मागचे केस वर करून बघे. नुसती दाढी करायला आलेल्यांच्याही माना त्याने तासल्या. पाद्रीबाबांनाही सोडलं नाही. तीळ काही सापडेना. शेवटी त्याने कपड्यांचं गाठोडं बांधलं.

“कुठे रे निघालास?” झुलैदेने विचारलं.

“बहिणीकडे. कोण आहे तो सांग, नाहीतर हा मी चाललो.”

“बस त्या खुर्चीत.”

त्याचे केस नेहमी तीच कापायची. तिने मागचे केस उचलले, पाठीमागे आरसा धरला. समोरच्या आरशात तीळ दिसला. चांगला मसुराएवढा.

“हा... मी?”

“मग कोण? सगळी गाणी तुझीच आहेत, येड्या! पण लग्नाच्या नवऱ्यावर कोण नाचतंय? म्हणून तुला दुसरीचा करून टाकला.”

“कुठल्या दुसरीचा?” त्याने जरा आशेनेच विचारलं. तिने पाठीत एक धपाटा घातला. तो हसता हसता रडायलाच लागला. “आणि ही शिंगं गं?”

“सांग ना गावाला खरं काय ते. माझं गाणं तेवढं मेलं समज.”

दुसऱ्या दिवशी जिल्वान खाटीक दाढीला बसला. “काय मग गड्या, सापडला का तो तीळवाला?”

दुकानातले सगळे कान टवकारले. आदाउतो सावकाश वस्तरा परजत राहिला.

“सापडला.”

“कोण रे?”

“नाव नाही सांगायचा. पण माणूस देखणा आहे हो. बाईचा तरी काय दोष!”