आमच्याच घरात ऐकलंय

मी घाबरट बाई आहे, आणि वरून चिडकी. ही दोन्ही एका अंगात असली की काय होतं, ते मला माझ्या पहिल्याच कादंबरीनं दाखवलं.

कादंबरी वऱ्हाडातल्या एका घराची. संपादकांनी हस्तलिखित वाचून पुण्याहून फोन केला, "तुमची माणसं फार सौम्य बोलतात हो. वऱ्हाडी माणूस असा असतो का? जरा रांगडं येऊ द्या." त्यांना वऱ्हाड किती ठाऊक होतं, देव जाणे. पण पुस्तक निघायची घाई मला होती. मी अमरावतीच्या माझ्या खोलीत दार लावून बसले आणि पानापानांत शिव्या घातल्या. सगळ्यात जास्त सासऱ्याच्या तोंडी. तो ताटावर बसून सुनेला असलं काही बोलतो की लिहिताना माझेच कान तापले.

त्या सासऱ्याचं बाकी सगळं मी अकोल्याहून उचललं होतं. धाकटी बहीण तिथं दिलेली. सरकी दातानं फोडून पाहायची तिच्या सासऱ्यांची सवय, जेवताना रेडिओ मांडीशी ठेवणं, पाहुणा आला की स्वतः पिशवी घेऊन भाजीला निघणं, सगळं जसंच्या तसं. शिव्या तेवढ्या माझ्या.

पुस्तक आलं आणि फोन सुरू झाले. मागच्या पानावर माझा नंबर छापला होता, ही आणखी एक अक्कल. नांदगाव खंडेश्वरहून एक बाई म्हणाल्या, "मॅडम, तुमी इकडच्याच ना? मंग आमाले असं कावून दाखवलं? कोणता सासरा सुनेशी असं बोलते?" अकोल्याचे एक कापड दुकानदार अर्धा तास बोलले. तिथल्या वाचक मंडळाचं काम तेच पाहायचे. "बाई, दिवसभर गिऱ्हाइकाशी डोकं लावतो, शिवी आमच्याही तोंडात येते. पण समोर कोण बसलं हाय, ते पाहून येते. तुमचा म्हातारा तर कोणाले पाहूनच नाही राहिला."

खरं बोलत होते. आणि खरं बोलणाऱ्याचाच मला संताप येतो. त्याच आठवड्यात एका स्थानिक पेपरवाल्यानं विचारलं, संवाद खोटे वाटतात असं वाचक म्हणतात, त्याचं काय? मी फाडकन बोलले, "मी मनचं काही लिहिलं नाही. हे आमच्याच घरात, माझ्या कानांनी ऐकलंय." दुसऱ्या दिवशी ते माझ्या फोटोसकट छापून आलं.

तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन. आवाज इतका बारीक की मला वाटलं, कोणी गेलं.

"ताई, तू हे काय करून बसली? मामाजींनी पेपर वाचला. मंग पुस्तकही मागवलं."

"रागावले?"

"रागावले असते तं बरं झालं असतं. घरात जेवतच नाहीत, ताट ओसरीवर मागतेत. ह्यांले म्हणाले, सुनबाईनं माहेरी जाऊन माया नावानं असं सांगितलं असंन, तं मी वावरात जाऊन राहतो."

"अगं, मग सांग ना त्यांना, मी काही सांगितलं नाही म्हणून!"

"मी कशी सांगू? चवदा वर्सांत आमी समोरासमोर बोललो का कधी?"

तेही खरंच. त्या घरात सासरा सुनेशी थेट बोलत नाही. बोलायचं ते मधल्या कोणाला तरी ऐकवायचं, कोणी नसलं तर भिंतीला. नवऱ्यानं तिच्या वतीनं सांगून पाहिलं, पण बायकोची बाजू घेतो म्हणून म्हाताऱ्यानं ते धरलंच नाही. ऐंशीचा माणूस एकटा शेतात राहायला गेला, तर नात्यागोत्यात बोल कोणाला लागणार? माझ्या बहिणीला. मला त्या रात्रीपासून जेवण जाईना.

मग त्या कापड दुकानदारांचं बोलावणं आलं, या, वाचकांशी बोला. नाही म्हणणार होते. तेवढ्यात बहिणीनं कळवलं, "मामाजी येऊन राहिले. मलेही चाल म्हणून ह्यांच्याकडून सांगितलं." एसटीत बसले खरी. दोनदा वाटलं, उतरावं आणि ताप आला म्हणून कळवावं.

सभागृहात पन्नासेक माणसं होती. दुसऱ्या रांगेत तिचे सासरे बसले होते, चार खुर्च्या सोडून बहीण. दुकानदारांनी पुस्तक उघडलं आणि नेमकं तेच पान वाचायला घेतलं. ताट, सासरा, सून. शिवीपाशी येऊन थांबले. "इथून पुढं माझ्यानं वाचवत नाही. बायका बसल्या आहेत."

तेव्हा सासरे उठले. गुडघ्याला हात देऊन, सावकाश.

"मले पुस्तकाचं काही कळत नाही," ते म्हणाले. "एकच सांगा. हे तुमच्या बहिणीनं तुमाले सांगितलं का?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. बहीण जमिनीकडे. खरं सांगावं, तर मी पेपरात खोटं बोलले हे पन्नास माणसांसमोर कबूल करायचं.

"नाही," मी म्हणाले. "तिनं कधीच काही सांगितलं नाही. तुमच्या घरात मी एकही शिवी ऐकली नाही. त्या मी माझ्या खोलीत बसून लिहिल्या. पेपरात खोटं बोलले."

मागून कोणी तरी म्हणालं, "बाप्पा! मंग एवढा तोरा कायचा?" काही जण हसले. सासरे हसले नाहीत. सुनेकडे न पाहता मलाच म्हणाले, "तिले सांगा, घरी चाला म्हणा. आज जेवण आतच घेतो."

मी बहिणीला सांगितलं. ती ऐकतच होती, तरी सांगितलं. ती रडत उठली.

बाहेर सासरे ऑटोत बसले आणि बहीण माझ्याकडे आली. मला वाटलं, हात धरेल.

"ताई, सध्या घरी येऊ नको."

"ते म्हणाले का?"

"नाई. मी म्हणून राहिली." तिनं डोळे पुसले. "मघाशी रडू आलं न, तं पहिले हेच मनात आलं, का हेही तू लिहिशीन. तुयासमोर तोंड उघडाचं भेव वाटते मले आता."

"नाही लिहिणार गं," मी म्हणाले.