दुसरा दोर

लहानपणी मला वाटायचं, बाबा आकाशात कामाला जातात. ते इमारती रंगवायचे. संध्याकाळी घरी आले की भुवयांवर रंगाचे बारीक थेंब असायचे, कधी पिस्ता, कधी फिकट निळे. "आज घारीची पाठ बघितली," असं सांगायचे. खालून आपल्याला घारीचं पोट दिसतं. पाठ बघायची तर तिच्या वर असावं लागतं. त्या पाठीवरून ऊन कसं ओघळतं ते ऐकता ऐकता मी झोपून जायचे. आई मात्र उठून दुसऱ्या खोलीत जायची.

आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. बी.एस्सी. झाले, सेफ्टीचा डिप्लोमा केला आणि बाबा ज्या कंत्राटदाराकडे होते, तिथेच सेफ्टी ऑफिसर म्हणून लागले. माझी सही झाल्याशिवाय कुणी झुल्यावर बसायचं नाही. झुला म्हणजे गच्चीवरून सोडलेल्या दोराला अडकवलेली फळी. तिच्यावर बसून रंगारी भिंत रंगवत खाली उतरतो.

त्या सकाळी मी मुलुंडच्या एका सोसायटीत चौदाव्या मजल्यावरच्या गच्चीवर होते. थंडीचं धुकं होतं. समोरचे डोंगर पाण्यात भिजवलेल्या कापडासारखे दिसत होते. बाबा कठड्यापाशी तयार होते, अंगावर नवा बेल्ट. बेल्टचा हूक मात्र झुल्याच्याच दोराला. तो दोर तुटला, तर बेल्टही त्याच्याबरोबर खाली.

"बाबा, दुसरा दोर कुठाय?"

"दुसरो कशाक गो? कालच नारळ फोडलो ह्याच्यावर. आता शेजारी दुसरो बांधलो, तर ह्याका काय वाटात?"

बाकीचे रंगारी हसले, पण मान त्यांनीही डोलावली. कामाच्या आदल्या दिवशी दोराला हळदकुंकू लावायचं, आणि एकदा पूजला की त्याच्यावर अविश्वास दाखवायचा नाही, अशी त्यांची रीत.

कंत्राटदार म्हणाला, "मॅडम, वीस वर्षं लटकतोय तुमचा बाप. त्याला शिकवणार तुम्ही?"

"घरी ते माझे बाप. इथे तुमचे कामगार. बेल्ट दिला म्हणजे तुमचं काम संपलं नाही. दुसरा दोर तुम्ही आणायचा, तो बांधायची जागा तुम्ही तपासून घ्यायची, आणि हूक कुठे लावायचा हे त्यांना तुम्ही शिकवायचं. तोवर माझी सही नाही."

"दिवस फुकट जाईल."

"जाऊ दे."

"उद्यापासून घरी बसलात तर?"

"बसेन. तरी आजची सही नाही."

बाबा माझ्याकडे बघतही नव्हते. चार माणसांत पोरीने थांबवलं होतं. हूक काढून ते टाकीच्या सावलीत जाऊन बसले. कंत्राटदाराने बराच वेळ फोन कानाला लावला, मग एकाला दोर आणायला पिटाळलं.

धुकं विरलं. गच्ची तापली. आम्ही बापलेक एकाच टाकीला टेकून बसलो होतो. मला डुलकी लागली असावी, कारण बाबा आकाशात पायऱ्या चढताना दिसत होते आणि पायऱ्या संपतच नव्हत्या.

दोर आला तेव्हा उन्हं कलली होती. पहिला टाकीच्या खांबाला होता. हा लिफ्टच्या खोलीच्या खांबाला बांधला. कंत्राटदाराने स्वतः ओढून बघितला आणि झटका बसताच दोर घट्ट धरणारी बेल्टची पकड त्यावर कशी बसवायची ते सगळ्यांना दाखवलं. बाबा उठले. पहिल्या दोरावरचं कालचं कुंकू त्यांनी बोटाने थोडं खरवडलं आणि दुसऱ्याला लावलं.

"आता कर सही," म्हणाले.

मी सही केली. ते कठडा ओलांडून उतरू लागले. मीही माझा बेल्ट अडकवून खाली वाकले. दोन दोरांच्या टोकाशी त्यांची टोपी लहान होत चालली होती. त्यांनी मान वर केली आणि रंगाच्या ब्रशने नुसतं डावीकडे दाखवलं.

तिथे घार होती. पाठ तपकिरी, आणि कडेला ऊन.