गयाबाईंची घोंगडी परत देताना

संभाजीनगरहून निघालेली जिंतूरची बस देवगाव फाट्याला थांबली. मी खाली उतरून चहा घेतला, गरम भजी घेतली आणि पैशासाठी पिशवीत हात घातला तेव्हा लक्षात आलं, की मोजपट्टी घरीच राहिली आहे. प्रदर्शनाच्या तयारीला निघालेल्या बाईने नेमकी मोजपट्टी विसरावी, याचं माझं मलाच हसू आलं.

हाताने विणलेल्या, शिवलेल्या जुन्या कापडांचं प्रदर्शन परभणीत भरवायचं होतं आणि ते उभं करण्याचं काम माझ्याकडे होतं. गोधड्या मिळाल्या होत्या, सतरंज्या मिळाल्या होत्या. मनासारखी घोंगडी मात्र मिळत नव्हती. येलदरीच्या अलीकडच्या एका वस्तीवर दगडूबा नावाचे म्हातारे विणकर आहेत, एवढं कुणीतरी सांगितलं होतं.

बसमध्ये परतल्यावर शेजारच्या बाईने विचारलं, "कुटं चाललाव, ताई?"

मी सांगितल्यावर तिला नवल वाटलं. "घोंगडीपायी इतक्या लांब? आमच्याकडं आता समदे बिलांकीट घ्यायलेत."

चारठाण्याला देवळाचे जुने खांब खिडकीतून ओझरते दिसले. परतताना उतरू असं ठरवलं, ते राहिलंच. जिंतूरला बस बदलली. पुढे रस्ता टेकड्यांतून वळत गेला आणि एका वळणावर धरणाचं पाणी दिसलं, निळं आणि इतकं पसरलेलं, की थोडा वेळ मी कामच विसरले.

दगडूबांचं घर पत्र्याचं होतं. दारात चार शेळ्या बांधलेल्या. त्यांच्या बायकोने, गयाबाईंनी, ट्रंकेतून घोंगडी काढून बाजेवर पसरली. काळीभोर, काठाला बोटभर पांढरी रेघ. लोकर गयाबाईंनी कातलेली, विणलेली दगडूबांनी. ती त्यांच्या हातची शेवटची घोंगडी होती. त्यानंतर खांदा धरला आणि माग बंद झाला.

"सुताला चिंचोक्याची खळ (सूत ताठ करणारी पेज) हिनंच लावली," दगडूबा म्हणाले. "निम्मं काम हिचंच हाय."

मोजपट्टी नव्हती म्हणून गयाबाईंनी सुतळी दिली. तिला गाठी मारून मी लांबी-रुंदी घेतली. मग ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याचं, मसाल्याचं पीठ घालून केलेली आमटी) जेवले. जेवताना गयाबाईंनी विचारलं, "भितीला लावणार, अन् मानसं नुसती बघत उभी ऱ्हाणार?"

"हो, मावशी."

त्या पदर तोंडाला लावून खूप हसल्या. "मग मला यायचंय. कशी बघत्यात ते बघायचंय."

त्या कधी परभणीला गेल्या नव्हत्या. मी दिवस सांगितला, सभागृहाचा पत्ता कागदावर लिहून दिला आणि परत आणून द्यायच्या बोलीवर घोंगडी घेतली. "दारात आलात की मी स्वतः तुम्हाला आत नेईन," असं म्हणाले.

पुढचे आठ दिवस मी त्या सभागृहातच होते. ऊन थेट कापडावर पडू नये म्हणून खिडक्यांना पडदे लावले. कुठली पाटी किती उंचीवर, लोक कुठून शिरतील, कुठे घोळका होईल, सगळं आखलं. घोंगडीला खिळा लागू दिला नाही. मागे सुती पट्टी शिवून तिच्यात बांबू ओवला आणि ती समोरच्या भिंतीवर टांगली. खाली दोघांची नावं लिहिली.

उद्घाटनाच्या सकाळी पाहुण्यांची गाडी आली आणि त्याच वेळी फाटकाजवळ मला ते दोघं दिसले. दगडूबा पांढऱ्या धोतरात, गयाबाई हिरव्या लुगड्यात. फीत कापेपर्यंत कुणाला आत सोडायचं नाही, हे मीच दारावर सांगून ठेवलं होतं. मी दोघांना हाताने 'थांबा' अशी खूण केली आणि पाहुण्यांबरोबर आत गेले.

मग भाषणं झाली. गर्दी लोटली. घोंगडीपुढे तर जागा मिळेना. लोकर कशी कातायची, खळ कशी लावायची, लोक विचारत होते आणि मी सांगत होते. मला ते सांगायला फार आवडत होतं.

आठवण झाली तेव्हा अडीच वाजले होते. मी धावत बाहेर आले. पायरीवर, फाटकाजवळ कुणी नव्हतं.

नोंदवहीपाशी बसलेली बाई म्हणाली, "आजी-आजोबा होते ना? बराच वेळ बसले, मग गाडी चुकेल म्हणून गेले. तुम्हाला बोलावू का विचारलं, तर आजोबा म्हणाले, कामात हायत त्या, राहू द्या."

प्रदर्शन आणखी चार दिवस चाललं. रोज सकाळी वाटायचं, आज गाडी पाठवून त्यांना आणावं. रोज काहीतरी आडवं यायचं, किंवा मी येऊ द्यायची. शेवटच्या दिवशी सगळे माझं कौतुक करत होते आणि मी भिंतीवरून बांबू उतरवत होते.

घोंगडी घेऊन मी पुन्हा त्या वस्तीवर गेले. दुपार होती. गयाबाई सुपात ज्वारी निवडत होत्या.

"आमी आलतो," दगडूबा म्हणाले. "लय गर्दी व्हती."

"मी तुम्हाला पाहिलं होतं, बाबा."

"व्हय, हात केलाव की तुमी. आमाला वाटलं, बोलवतेल."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं.

गयाबाईंनी सूप खाली ठेवलं. "बघत व्हती का पर मानसं?"

मी सगळं सांगितलं. एक मुलगी काठाची रेघ बोटाने हवेत काढत किती वेळ उभी होती, एक गृहस्थ दोनदा येऊन गेले, सगळं. त्या मन लावून ऐकत होत्या. मग मी म्हणाले, "मावशी, इथे दोरीवर लावून दाखवू का? कशी टांगली होती ते."

"नगं, बाई," त्या म्हणाल्या. "घोंगडी तर घरचीच हाय. मला मानसं बघायची व्हती."

मी निघाले तेव्हा त्यांनी घोंगडीची घडी मांडीवर घेतली होती आणि मागची पट्टी बघत होत्या. माझे टाके बारीक आहेत, असं म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये आयोजकांचा फोन आला. प्रदर्शन पुण्याला न्यायचं ठरत होतं, घोंगडी मिळेल ना, असं विचारत होते. मी नाही म्हणाले. घोंगडी आता तिच्या घरी आहे, एवढंच सांगितलं. लोक अजून विचारतात, प्रदर्शन इतकं चांगलं कसं उभं केलंत. मी पडद्यांचं, उंचीचं, बांबूचं सांगते, आणि सांगताना ती सकाळ डोळ्यांपुढे येते. दारापासून फाटकापर्यंत दहा-बारा पावलं होती. पाहुण्यांना एक मिनिट थांबा म्हटलं असतं, तर ते आनंदाने थांबले असते.