उंदराच्या मिशीला तांबडा रस्सा

सकाळी पिंजऱ्यापाशी गेले, तर एका उंदराच्या मिशीला तांबडा रस्सा! शेजारी वड्याचा तुकडा.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी पीएच.डी. करत होते. उंदराच्या भ्रूणातल्या मूळ पेशी बशीत वाढवायच्या, त्यांच्यापासून रोगाशी लढणाऱ्या पेशी घडवायच्या आणि जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांना त्या टोचायच्या. पेशी अंगात रुजेपर्यंत उंदीर जगले तर माझी पदवी, नाहीतर सगळं पहिल्यापासून. म्हणून त्यांचं पाणी, दाणे, अंथरायचा भुसासुद्धा वाफेत निर्जंतुक केलेला. आणि कुणीतरी त्यांना मटण वाढलं होतं.

पिंजऱ्यांच्या खोलीची किल्ली तिघांकडंच. माझ्याकडं, सरांकडं आणि उंदरांची देखभाल करणाऱ्या मामांकडं. मी मामांना गाठलं. डबा उघडायला लावला, बाह्या हुंगल्या.

"ताई, तुमी पोलिसात का न्हाई गेला?" मामा भडकले. "आमी लिंगायत! घरात अंडं शिजत न्हाय, आन मी मटण आणतोय व्हय?"

मग उरलं कोण? ज्यांनी दारावर 'मास्कशिवाय प्रवेश नाही' असं लिहून लावलं होतं, ते सर. गणपतीला गावी, नेसरीला गेले होते, पहाटेच परतले होते. त्या भागात गणपती बसला की दुसऱ्या दिवशी उंदरी. उंदराला मटण-वड्याचा नैवेद्य दाखवायचा, म्हणजे तो पिकाला दात लावत नाही.

मी मधाळ आवाजात विचारलं, "सर, उंदरी कशी झाली?"

सर चष्मा पुसायला लागले. पुसतच राहिले.

"आई म्हणाली, वर्षभर उंदरांच्या जिवावर भाकरी खातोस, त्यांना घासभर तरी घाल." आवाज एकदम खाली आला. "वाईच घातलं गं."

आठवडाभर मी पिंजऱ्यापुढं हवालदारासारखी उभी. तुलनेसाठी ठेवलेले, पेशी न टोचलेले उंदीर एकेक करून गेले. पेशी टोचलेले टुणटुणीत!

"बघ की, लढल्या पेशी!" सर टाळ्या पिटत म्हणाले.

"मग प्रबंधात काय लिहू? कुणी किती रस्सा प्यायला, ते मोजलंय का?"

सरांच्या टाळ्या थांबल्या. नवे उंदीर आले, नव्या बशा भरल्या, पदवी पुढं गेली. पुढच्या वर्षी उंदरीच्या दुसऱ्या दिवशी मी आणि मामा दारात खुर्च्या टाकून बसलो. सर आले. मामांनी त्यांच्या पिशवीकडं बघितलं, मी खिशाकडं.

"अगं, मी गाईड आहे तुझा!"

"डबा दाखवा, सर."